जीभ बधिर होईपर्यंत

उजवीकडची खालची दाढ ठणकतेय, असं समजा. गालही थोडा सुजलाय. अशा अवस्थेतच निघायचंय, कारण आज जे फूल बघायला जायचंय, त्याची धडधाकट माणसाला खरी ओळख होत नाही. चला, दोनशे वर्षं मागे. नेब्रास्का, लूप नदीचा काठ, जूनची दुपार.

पोचताच वारा अंगावर येतो. गवत असं लाटांनी वाहतंय की जमीनच सरकतेय असं वाटून तुम्ही पाय फाकवून उभे राहता. आज गवत गुडघ्यापर्यंत आहे. उन्हाळा सरता सरता आलात तर नदीकाठच्या सखल भागात ते तुमच्या डोक्यावर गेलेलं असेल. नाकात तापलेल्या गवताचा, लिदीचा आणि लाकडाच्या धुराचा वास एकदमच शिरतो. माश्या हाकलत बसू नका, हात दुखतील.

समोरच्या टेकड्या म्हणजे घरं आहेत. पॉनी या मूळ अमेरिकी लोकांची मातीची, घुमटासारखी घरं. छपरावर गवत उगवलेलं आणि त्या गवतावर माणसं गप्पा मारत बसलेली. शेजारच्या मक्याच्या शेतात बायका बायसनच्या खांद्याच्या हाडाची कुदळ करून तण काढतायत. घाई दिसतेय, कारण थोड्याच दिवसांत अख्खं गाव शिकारीला निघणार. तुमच्या कपड्यांचा वास कुत्र्यांना पटलेला नाही. सगळी मिळून भुंकतायत. दाढेत कळ येते.

तेवढ्यात दोन मुलं धावत जातात. एकाच्या हातात फुलांचे दोन दांडे. त्यांची काटेरी बोंडं एकमेकांना टेकवून तो एक दांडा दुसऱ्याभोवती गरागरा फिरवतोय. हेच आपलं फूल. त्याचं एक पॉनी नाव या खेळावरूनच पडलंय, हात आणि गरगरणं या दोन शब्दांचं. शेजारचे ओमाहा लोक याला फणीचं झाड म्हणतात. युरोपातल्या पंडितांना जाहक हा काटेरी प्राणी आठवला, म्हणून ग्रीकवरून एकिनेशिया. मला विचाराल तर मुलांनी बाजी मारलीय.

उकिडवे बसा आणि हात लावून बघा. पानं अरुंद, लांबट आणि कानशीसारखी खरखरीत. पाकळ्या फिकट जांभळट-गुलाबी, धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारख्या, खाली मान टाकलेल्या. त्यांच्यापासून बी धरत नाही, त्यांचं काम किड्यांना बोलावण्यापुरतं. खरी फुलं मधल्या बोंडात आहेत, नारिंगी टोकांच्या ताठ काट्यांच्या आड. ती खालून वर, एकेक कडं करून उमलतात. एखादं बारीक फूल धरून पाहा : पहिल्या सकाळी ते पिवळा पराग बाहेर ढकलतं, दुसऱ्या दिवशी त्यातून स्त्रीकेसराची दुभंगलेली जीभ वर येते. योग्य पराग मिळाला तर ती एखाद्या दिवसात सुकते. नाही मिळाला तर दिवसच्या दिवस वाट बघत उभी. आणि योग्य म्हणजे काय, तर स्वतःचा चालत नाही, जवळच्या नात्यातला बऱ्याचदा चालत नाही. सगोत्र नको!

म्हणून वणव्यानंतरच्या उन्हाळ्यात इथे गंमत असते. आग गेलेल्या माळावर एरवी गप्प बसणारी झाडंही फुलतात, तीही एकाच वेळी, आणि स्थळांना तोटा राहत नाही. मध्यस्थी करतात त्या जमिनीत एकेकट्या बिळात राहणाऱ्या रानमाश्या. बघा, तुमच्या मनगटावरून चालत गेलेल्या माशीचं पोट पिवळंधमक झालंय.

दाढ आठवली ना? ती आजी बघा, टोकदार काठी घेऊन खाली वाकलेली. इथली माती म्हणजे गवताच्या मुळांची गोधडी, काठी सहज शिरत नाही. आपल्या फुलझाडाचं सोटमूळ सरळ खाली जातं, पाच फूट, कधी आठही. बागेत लावतात ती रुंद पानांची बहीण वेगळी, तिची मुळं तंतुमय. आजी वरचं वीतभर मूळ तोडते, चामड्याच्या वस्त्रावर पुसते आणि एक तुकडा तुमच्यापुढे धरते. घ्या. दाढेखाली ठेवा.

आधी मातीची चव, मग किंचित गोडसर. मग जिभेवर मुंग्या येतात, तोंडाला पाण्याचा लोट सुटतो आणि हळूहळू दाढ, हिरडी, ओठ कुणा परक्याचे वाटू लागतात. अक्कलकारा चघळलाय कधी? अगदी तसंच. दोघंही सूर्यफुलाच्या कुळातले, आणि बधिर करणारी द्रव्यंही एकाच घराण्यातली, अल्कमाइड.

तुम्ही लाळ पुसत हसता, आजीही हसते. दाढ ही फार लहान गोष्ट आहे. मिसूरी नदीच्या खोऱ्यात हे झाड सर्पदंशावर, भाजल्यावर, गालगुंडावर वापरतात. डोकं दुखलं तर धुरी देतात, घोड्यालाही देतात. घाम काढायच्या खोपटात गरम वाफ सोसवावी म्हणूनही ते हवं असतं. खेळ करून दाखवणारे हाताला याचा रस चोळून उकळत्या भांड्यातलं मांस उचलतात, आणि विनेबागो लोकांतला एक जण जळता निखारा तोंडात धरायचा. हे पदरचं सांगत नाही. मेल्विन गिलमोर या अभ्यासकानं इथल्या लोकांकडून ऐकून लिहिलं, 1919 साली छापून आलं.

चला, उशीर झाला. खुरपणाऱ्या बायका छपरांच्या सावलीला आल्यात, कुत्रीही दमलीत. घरी पोचल्यावर लगेच चहा घेऊ नका. जीभ अजून बधिर आहे, भाजलं तरी कळणार नाही.