रिलीज नोट्समधली शेवटची यादी

राउटरच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की सोबत रिलीज नोट्स येतात. त्यात साधारण दोन याद्या असतात. पहिली सोडवलेल्या दोषांची: अमुक परिस्थितीत राउटर आपोआप रीस्टार्ट होत होता, आता होत नाही. दुसरी अगदी शेवटी, मॅन्युअलमधल्या दुरुस्त्यांची: अमुक पानावर असं छापलंय, ते तसं वाचावं. पहिली सगळे वाचतात, कारण रात्री अडीचचा फोन तिच्यामुळे येतो. दुसरी सहसा कुणी उघडत नाही.

माझं मत असं की खरा घोळ या दुसऱ्या जातीच्या चुकीतून होतो. कोडमधला दोष त्या त्या यंत्रापुरता. पण मजकूरच चुकला, तर तो इमानदारीने पाळणारा प्रत्येक जण चुकतो. याचे दोन किस्से सांगतो. एक इंटरनेटचा, दुसरा आपल्या गडचिरोलीचा.

इंटरनेटवरची नेटवर्कं एकमेकांना सतत सांगत असतात की कुठले पत्ते माझ्याकडून गाठता येतील. या बोलण्याचे नियम म्हणजे बीजीपी, आणि त्याचं नियमपुस्तक म्हणजे जानेवारी २००६ चं आरएफसी ४२७१. त्यात लिहिलं होतं की शेजाऱ्याकडून बिघडलेला संदेश आला तर संबंधच तोडा, त्याच्याकडून कळलेले सगळे मार्ग विसरा. ऐकायला शहाणपणाचं वाटतं.

२७ ऑगस्ट २०१० ला राइप एनसीसी ही युरोपातली संस्था आणि ड्यूक विद्यापीठातले संशोधक यांनी एक प्रयोग केला. एका मार्गाच्या घोषणेला त्यांनी एक नवं, लांबलचक पण नियमात बसणारं शेपूट जोडलं. सिस्कोच्या काही मोठ्या राउटरमध्ये दोष होता. ते शेपूट पुढे पाठवताना त्यांच्या हातून बिघडलं. पुढच्या राउटरने संदेश पाहिला, पुस्तक उघडलं, संबंध तोडले. मग पुन्हा जोडणी, पुन्हा तोच संदेश, पुन्हा तोडणी. अर्ध्या तासाच्या आत प्रयोग गुंडाळावा लागला. तोवर भलत्याच नेटवर्कांचे मार्ग डळमळले होते.

सिस्कोने सूचनापत्रक काढून आपला दोष दुरुस्त केला. तो पहिल्या यादीत गेला. पण संबंध तोडणाऱ्या राउटरमध्ये दोष नव्हताच! ते पुस्तकाप्रमाणे वागले होते. ही चूक दुरुस्त व्हायला ऑगस्ट २०१५ उजाडला. आरएफसी ७६०६ ने सांगितलं की बहुतेक बिघाडांत फक्त तो एक मार्ग रद्द झाला असं समजा, बाकी संसार चालू ठेवा. गंमत म्हणजे २०२३ सालीही एका मोठ्या कंपनीच्या राउटरवर ही नवी वागणूक मुद्दाम चालू करावी लागत होती, आणि जूनमध्ये तसल्याच एका बिघडलेल्या संदेशाने पुन्हा संबंध तुटले.

आता गडचिरोली.

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमात कलम २(७) मध्ये झाडाची व्याख्या आहे. तिच्यात ताड-माड, खुंट, झुडपं, वेत यांच्यासोबत बांबूही होता. शेजारच्या २(६) प्रमाणे तोडलेलं झाड म्हणजे इमारती लाकूड. म्हणजे झालं काय, तर तोडलेला बांबू हा सागवानाच्या पंगतीला जाऊन बसला. वनस्पतिशास्त्रात बांबू गवत आहे, पण पास देणाऱ्या टेबलावर वनस्पतिशास्त्राचं पुस्तक नसतं.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला स्पष्ट शब्दांत गौण वनोपज म्हटलं आणि ते गोळा करून विकण्याचा हक्क लोकांना दिला. जुनी व्याख्या मात्र तशीच राहिली. दोन पुस्तकं, दोन्ही चालू.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत या गावाने वर्षानुवर्षं बसून, चर्चा करून, एकमताने निर्णय घ्यायची सवय लावून घेतली होती. पण बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक पास लागतो, आणि वन विभाग तो देईना. बांबू तुमचा, पण रस्त्यावर आणलात तर गुन्हा. याच भागातला बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीला वर्षानुवर्षं गेला, तेव्हा कुणाला व्याख्या आडवी आली नव्हती. इथे माझी तुलना थोडी लंगडी पडते, हे कबूल. राउटरला बांबूतून महसूल मिळत नाही.

मार्च २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की बांबूला गौण वनोपजच समजा. २७ एप्रिलला ते मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसह मेंढ्याला आले आणि पासबुक ग्रामसभेच्या हाती दिलं. आमच्या भाषेत हा एका गावापुरता हॉटफिक्स. सप्टेंबर २०१२ मध्ये वनहक्काच्या नियमांत बदल होऊन पास देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला, म्हणजे तो सगळ्यांसाठी झाला.

आणि मूळ पान? ते दुरुस्त झालं २३ नोव्हेंबर २०१७ ला, एका अध्यादेशाने. त्याच डिसेंबरात संसदेने त्याचं विधेयक मंजूर केलं. बदल केवढा? व्याख्येतून एक शब्द गाळला. त्याला नव्वद वर्षं लागली.

तीही शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला हवी. ही दुरुस्ती शेतात, बांधावर, म्हणजे जंगलाबाहेर वाढणाऱ्या बांबूसाठी आहे. जंगलातला बांबू १९२७ च्या कायद्यात वनोपज म्हणून राहिलाच. मेंढ्यासारख्या गावांना त्याच्यासाठी २००६ चा कायदा आणि २०१२ चे नियम हेच दाखवावे लागतात.