वज्रेश्वरीचं गरम पाणी, इटलीतले पाच दिवे

पार्ल्यातल्या कितीतरी घरांची एक सहल ठरलेली असायची: विरार लोकल, पुढे एसटी, वज्रेश्वरीचं दर्शन आणि मग गरम पाण्याच्या कुंडात डुबकी. 1739 मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडायला हे देऊळ बांधवलं, असं सांगतात. कुंडं त्याहून जुनी.

इथे ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, तापतं आणि वर येतं. गणेशपुरीपासून राजापूरपर्यंत अशा उन्हाळ्यांची रांगच आहे.

1904 मध्ये इटलीतल्या लार्देरेल्लो इथे पिएरो जिनोरी कोंती यांनी जमिनीतल्या वाफेवर पाच दिवे पेटवले. 1913 मध्ये तिथे वीजकेंद्र सुरू झालं. मग कोकणात का नाही?

तिथे वाफ होती; आपल्याकडे उन्हवऱ्याचं पाणीसुद्धा सत्तर अंशांच्या आसपास. अलास्कातल्या चेना इथे 2006 पासून 74 अंशांच्या पाण्यावर वीज काढतात. ते पाणी कमी तापमानाला उकळणाऱ्या दुसऱ्या द्रवाची वाफ करतं आणि ती वाफ टर्बाइन फिरवते. पण ती पुन्हा थंड करायला तिथे बर्फाळ पाणी आहे. कोकणातल्या उकाड्यात तो फरक उरत नाही.

म्हणजे आपल्याला आणखी खोल, आणखी गरम पाणी शोधावं लागेल. खोल बोअर महाग. आणि त्या नादात वरचं कुंड आटलं तर? दिवे लावण्याआधी हा प्रश्न कुंडाकाठच्या गावाला विचारायला हवा.