हा हात माझाच कशावरून?

एक सोपी गंमत करून बघा. मधलं बोट तर्जनीवरून पलीकडे न्या, डोळे मिटा आणि त्या दोन बोटांच्या बेचक्यात एक वाटाणा धरून हलकेच फिरवा. पुष्कळांना एकाच्या जागी दोन वाटाणे लागतात. ही गंमत ॲरिस्टॉटलने लिहून ठेवली आहे, म्हणजे झाली की तेवीसशे वर्षं! वाटाणा एकच आहे हे डोक्याला पक्कं ठाऊक असतं, पण बोटं काही ऐकत नाहीत.

इथवर हसण्यावारी न्यायला हरकत नाही. बोटांना फसवता येतं, ठीक आहे. पण ही बोटं 'माझी' आहेत, ही जाणीव? ती फसू शकते का? आपण म्हणू, छे, ती तर जन्मापासूनची. तिच्यात कसली आलीय गफलत? पण याच खात्रीपायी काही माणसांना जवळजवळ चारशे वर्षं "हे तुमच्या मनाचे खेळ आहेत" असं ऐकून घ्यावं लागलं. आज त्यांच्याबद्दल लिहायचंय.

सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये आम्ब्रवाज पारे नावाचा लष्करी शल्यवैद्य होता. हात किंवा पाय कापल्यावर रक्त थांबवायला तेव्हा जखम डागत. पारेने त्याऐवजी रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधण्याची जुनी रीत पुन्हा आणली. त्याचे काही रुग्ण जखम भरून कित्येक महिने झाल्यावर सांगत, की कापून टाकलेला पाय अजून दुखतोय. स्वतः पाहिल्या-ऐकल्याशिवाय हे कुणाला खरं वाटणार नाही, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलंय. बिचाऱ्याला वाचकांची चांगलीच पारख होती.

पुढे १६४४ मध्ये तत्त्वज्ञ देकार्तने एका मुलीची हकीकत नोंदवली. तिचा हात सडत चालला होता. तिला भीती वाटू नये म्हणून वैद्य आला की तिचे डोळे बांधत. शेवटी हात कोपरापर्यंत कापावा लागला आणि त्या जागी कापडाच्या पट्ट्या गुंडाळून ठेवल्या. हात गेला हे तिला कळलंच नाही. ती कधी या बोटात, कधी त्या बोटात कळ येते असं सांगत राहिली. देकार्तने यावरून ताडलं, की दुखणं हातात जाणवतच नाही, ते मेंदूत जाणवतं. केवढी मोठी गोष्ट होती ही! पण ती राहिली पुस्तकात. वैद्य पुढेही उरलेल्या थोट्या भागातच दुखण्याचं मूळ शोधत राहिले. काही वेळा तर तो भाग आणखी वर कापत, आणि दुखणं पुन्हा परत येई.

मग आलं अमेरिकेतलं यादवी युद्ध. हजारो सैनिक हात-पाय गमावून परतले. फिलाडेल्फियात सायलस वेअर मिचेल हा डॉक्टर अशांवर उपचार करत होता. जुलै १८६६ मध्ये 'अटलांटिक मंथली' मासिकात त्याची एक कथा निनावी छापून आली. नायक जॉर्ज डेडलो. त्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय गेलेले. नसलेले अवयव त्याला जाणवतात, आणि त्याच वेळी आपलं 'मीपण' कमी झाल्यासारखंही वाटतं. वाचकांना ती सत्यकथाच वाटली. लोकांनी या काल्पनिक डेडलोसाठी पैसे पाठवले! विचार करा, कथेतल्या माणसावर लोकांनी चटकन विश्वास ठेवला, आणि खरे रुग्ण मात्र वेड्यात काढतील म्हणून गप्प बसत. १८७१ मध्ये मिचेलने स्वतःच्या नावाने लेख लिहिला आणि या प्रकाराला 'फँटम लिंब' हे नाव दिलं. भुताटकीचा अवयव म्हणा हवं तर.

नाव मिळालं म्हणून विश्वास मिळाला असं मात्र नाही. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. अवयव गमावलेल्या आणि प्रश्नावलीला उत्तर दिलेल्या सैनिकांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिकांनी असं दुखणं असल्याचं सांगितलं. म्हणजे हा चार-दोन हळव्या माणसांचा प्रश्न नव्हताच.

नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियात विलयनूर रामचंद्रन यांनी (हे मूळचे तमिळनाडूचे, चेन्नईच्या स्टॅन्ली मेडिकल कॉलेजात शिकलेले) एक अगदी स्वस्त युक्ती काढली. खोक्यात मधोमध उभा आरसा. धडधाकट हात आरशासमोर ठेवायचा, की त्याचं प्रतिबिंब बरोबर गेलेल्या हाताच्या जागी दिसतं. काही रुग्णांना नसलेल्या हाताची मूठ सतत करकचून आवळल्यासारखी वाटे, नखं तळव्यात रुतल्यासारखी. आरशात बघत त्यांनी चांगला हात उघडला आणि ती नसलेली मूठही सुटली! २००७ मध्ये अमेरिकेतल्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातल्या एका छोट्या चाचणीतही आरशाने दुखणं कमी झाल्याचं दिसलं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण औषधाशिवाय, नुसत्या बघण्याने कुणाची तरी कळ थांबते हे काय कमी आहे?

तरीही शंकेखोराला म्हणता येत होतं, की ही सगळी जखमी, खचलेली माणसं. धडधाकट माणसाचं तसं नसतं.

या शंकेला उत्तर मिळालं १९९८ मध्ये. मॅथ्यू बॉट्विनिक आणि जोनाथन कोहेन यांनी 'नेचर'मध्ये जेमतेम एका पानाचा निबंध छापला. माणसाचा हात टेबलावर आडोशामागे ठेवायचा, समोर दिसेल असा एक रबरी हात. मग दोन्हींवरून एकाच वेळी, एकाच जागी कुंचला फिरवत राहायचा. दहा मिनिटांनी दहापैकी आठ जण आपणहून रबरी हाताबद्दल तो आपलाच असल्यासारखं बोलायला लागले. दोन कुंचल्यांचा ताल चुकवला की हा परिणाम पार ओसरे. २००३ मध्ये रामचंद्रन आणि केरी आर्मेल यांनी खोट्या हाताचं बोट उलटं वाकवलं, तर खऱ्या माणसाला घाम फुटल्याचं यंत्रावर दिसलं. (घरी करायचं तर हातमोज्यात कापूस भरा, दोन कुंचले घ्या आणि पुठ्ठ्याचा आडोसा करा. कसं वाटलं ते जरूर कळवा.)

मला या प्रयोगाचं मोल वाटतं ते यासाठी, की डोळ्यांना काय दिसतं, कातडीला काय लागतं आणि सांधे काय सांगतात, या सगळ्याचा मेळ घालून मेंदू 'हे माझं' असं ठरवतो. दर क्षणाला, न थकता. 'अंगवळणी पडणं' हा आपला शब्द किती नेमका आहे! शरीरसुद्धा आपल्या अंगवळणीच पडलेलं असतं. दहा मिनिटांत रबराचा हात माझा होत असेल, तर पस्तीस वर्षं वापरलेला हात कापल्यावरही माझाच राहिला, यात वेड कसलं? पारेचा तो रुग्ण, देकार्तची ती मुलगी, मिचेलचे सैनिक, सगळे खरंच बोलत होते. त्यांचा नसलेला हात आणि माझा असलेला हात मेंदूच्या एकाच कारखान्यात तयार होतात. माझा कुणी तपासायला मागत नाही, एवढाच काय तो फरक.

दुखणं मोजायला अजून तरी दुखणाऱ्याच्या शब्दापलीकडे खात्रीचं माप नाही. तेव्हा कुणी रिकाम्या जागेकडे बोट दाखवून "इथे दुखतंय" म्हणालं, तर आधी एवढंच विचारावं, "फार दुखतंय का?"