जुहूचा चिखल आणि हौशी वैमानिक

मुंबईच्या जुहू विमानतळावर आज उतरतात ती बहुतेक हेलिकॉप्टरं. समुद्रातल्या तेलविहिरींकडे कामगारांना नेणारी, आणणारी. पलीकडे सांताक्रूझला दर दोन-तीन मिनिटांनी एक जेट उतरत असतं. भारतातल्या हौशी विमानोड्डाणाची सुरुवात जिथे झाली, त्यांपैकी एक जागा हीच, हे तिथून रिक्षाने जाणाऱ्याला कळण्याचं काही कारण नाही. १९२८ साली ही भरतीच्या पाण्याने भिजणारी खाजणाची जमीन होती. उन्हाळ्यात भेगा पडायच्या, पावसाळ्यात तळं व्हायचं. त्याच वर्षी स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने आपली विमानं आणली ती या जमिनीवर.

दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि कराची इथले क्लब साधारण एकाच सुमारास उभे राहिले. त्यांच्यावर एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा ही शिखरसंस्था होती आणि सरकारचं अनुदानही होतं. तिथे शिकायला येणाऱ्या कुणालाही विमान चालवण्याची नोकरी मिळणार नव्हती, कारण तशी नोकरी देशात जवळजवळ नव्हतीच. व्यापारी घराण्यातली मुलं, बॅरिस्टर, लष्करी अधिकारी, संस्थानिक अशी ही मंडळी होती. पैसे आणि वेळ असलेली माणसं होती, हे खरंच. पण शिकायचं ते फक्त उडण्यासाठी, हा त्यांचा हेतू अगदी निखळ होता आणि पुढचं सगळं त्यातून उभं राहिलं. भारतातली नागरी हवाई वाहतूक कोण्या सरकारी आराखड्यातून जन्मली नाही. तिची पहिली पिढी हौशी लोकांची होती.

ही हौस परवडण्याजोगी झाली ती एका विमानामुळे. इंग्लंडमध्ये जेफ्री डी हॅव्हिलँड यांनी १९२५ साली 'मॉथ' उडवलं आणि १९२८ मध्ये त्यात स्वतःच्या कंपनीचं 'जिप्सी' इंजिन बसवलं. चार सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, सुमारे १०० अश्वशक्तीचं. लाकडी सांगाडा, त्यावर प्लायवूड, पंखांवर ताणलेलं आणि डोप नावाच्या उग्र वासाच्या लाखेने कडक केलेलं कापड. एकावर एक असे दोन पंख, ते मागे दुमडता येत, त्यामुळे मोटारीच्या गॅरेजपेक्षा थोडी मोठी शेड असली तरी विमान आत मावे. एकामागे एक दोन उघड्या जागा. शिकाऊ मागे, शिक्षक पुढे. बोलायचं रबरी नळीतून. ताशी ८५ मैलांच्या आसपास वेग. कापड फाटलं तर सुईदोऱ्याने शिवता येई, लाकूड मोडलं तर चांगला सुतार ते जोडून देई. पहिल्या महायुद्धातून उरलेली जुनी लष्करी विमानं खर्चिक आणि अडदांड होती. मॉथ मात्र क्लबच्या मिस्त्रीला झेपणारं होतं.

ते सुरू करण्याची रीत बघण्यासारखी होती. स्टार्टर नव्हता, ब्रेकही नव्हते. चाकांपुढे लाकडी ठोकळे लावायचे. खाली उभा असलेला माणूस ओरडणार, ''स्विच ऑफ, पेट्रोल ऑन!'' आत बसलेल्याने तेच शब्द परत म्हणायचे. मग हाताने प्रॉपेलर दोन-चार वेळा फिरवून सिलिंडरात पेट्रोलची वाफ ओढून घ्यायची. त्यानंतर ''कॉन्टॅक्ट!'' आतल्याने स्विच लावून ''कॉन्टॅक्ट'' म्हटल्यावर खालच्याने पातं खेचून एका झटक्यात मागे व्हायचं. मागे होण्याची सवय हातापायांत इतकी मुरायला हवी, की इंजिन पेटलं नाही तरी पाऊल मागेच पडलं पाहिजे. प्रत्येक शब्द दोघांनी मोठ्याने उच्चारायचा हा नियम शिष्टाचाराचा नव्हता. 'स्विच ऑफ' आहे असं गृहीत धरणाऱ्याचा हात जाऊ शकत होता.

या क्लबमध्ये जेआरडी टाटा दाखल झाले तेव्हा ते २४ वर्षांचे होते. फ्रान्समध्ये लहानाचे मोठे झालेले; सुट्टीत हार्डेलोच्या किनाऱ्यावर लुई ब्लेरिओची विमानं पाहिलेली आणि पंधराव्या वर्षी एका विमानातून फेरफटका मारलेला. तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट. जुहूला जेमतेम चार तासांचं प्रशिक्षण घेऊन त्यांनी पहिलं एकट्याचं उड्डाण केलं. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना मिळालेल्या परवान्यावर क्रमांक होता १, आणि खाली सही होती सर व्हिक्टर ससून यांची.

त्याच वर्षी आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हा प्रवास एकट्याने करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ते मिळणार होतं. तिघे जण हटून बसले. रावळपिंडीचे मनमोहन सिंग, कराचीचे जेमतेम सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर आणि जेआरडी. तिघांकडेही जिप्सी मॉथ. मनमोहन सिंग इंग्लंडहून पुन्हा पुन्हा निघाले. पोहोचलेही, पण ठरलेली मुदत टळल्यावर. जेआरडी कराचीहून पश्चिमेकडे निघाले, अस्पी इंग्लंडहून पूर्वेकडे. दोघांची गाठ पडली इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीरला. अस्पीचं विमान स्पार्क प्लगसाठी अडलं होतं. जेआरडींनी आपल्याजवळचा जादा प्लग काढून दिला. अस्पीने त्या बदल्यात आपलं लाइफ जॅकेट दिलं. अस्पी आधी पोहोचला आणि शर्यत जिंकला.

खिलाडूवृत्तीची कथा म्हणून ही हकिगत नेहमी सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण तिच्यात त्या काळच्या हौशी वैमानिकाचं सगळं जग दिसतं. वाटेत सेवा केंद्र नाही, रेडिओ नाही, हवामानाचा अंदाज नावापुरता. भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने, नंतर वाळवंटावरून, मांडीवरचा नकाशा आणि समोरचा होकायंत्राचा काटा बघत जायचं. सोबतच्या पेटीत प्लग, हत्यारं, थोडं कापड आणि डोप. अनोळखी मैदानावर दुसरं मॉथ उभं दिसलं की ते आपल्याच बिरादरीचं. अस्पी इंजिनिअर पुढे १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाईदलाचे प्रमुख होते. मनमोहन सिंग दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम बंदरावर झालेल्या जपानी हल्ल्यात गेले.

ही शर्यत झाली त्याच, म्हणजे १९३० सालच्या मे महिन्यात इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाकडे निघालेली एमी जॉन्सन झाशीच्या परेड मैदानावर येऊन उतरली. पेट्रोल संपत आलं होतं आणि मुक्काम अलाहाबाद अजून दूर होता. लंडनमध्ये वकिलाच्या कचेरीत टायपिंग करून क्लबात उडायला शिकलेली ही मुलगी. सहा वर्षांनी लाहोर फ्लाइंग क्लबमध्ये २१ वर्षांच्या सरला ठकराल साडी नेसून जिप्सी मॉथमध्ये बसल्या आणि एकट्याने उडाल्या.

हौसेतून व्यवसाय कसा निघाला, त्याची तारीख १५ ऑक्टोबर १९३२. जेआरडी पहाटे कराचीच्या द्रिघ रोडवरून टपालाच्या थैल्या घेऊन पुस मॉथमधून निघाले. हे विमान बंद केबिनचं, एका पंखाच्या जोडीचं, मॉथपेक्षा बरंच पुढचं. अहमदाबादला थांबून पेट्रोल भरलं. ते पेट्रोल आलं होतं बैलगाडीतून. दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरलं. तिथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. जुहूला टाटांच्या या टपालसेवेचं जे काही होतं ते झावळ्यांनी शाकारलेल्या शेडमध्ये. आणि पावसाळा लागला की खाजण पाण्याखाली जाई, तेव्हा सगळा बारदाना पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलवावा लागे. पुढे एअर इंडिया झालेल्या संस्थेचं मूळ असं ऋतूप्रमाणे बिऱ्हाड बदलत होतं.

ही हौस संस्थानांतही पोहोचली; कोल्हापूरला छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत १९३९ साली विमानतळ झाला. त्यानंतर दुसरं महायुद्ध आलं, खासगी उड्डाणं थांबली आणि क्लबांचे शिक्षक हवाईदलासाठी तरुण घडवू लागले.

स्वातंत्र्यानंतर क्लबांना हवं होतं ते देशी विमान, आणि ते दिलं डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी. कोल्हापूरकडचे घाटगे जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिकी शिकून आले होते. आधुनिक वायुगतिकीचा पायाच प्रांटल यांनी घातला, त्यामुळे ही शिकवण मोलाची होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली १९५१ साली एचटी-२ हे प्रशिक्षण विमान उडालं आणि १९५८ साली 'पुष्पक'. पुष्पक खास क्लबांसाठी होतं. शेजारी शेजारी दोन माणसं, वर एकच लांब पंख, पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड, ९० अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल इंजिन. दीडशेच्या आसपास पुष्पकं बनली आणि देशभरच्या क्लबांत वाटली गेली. पुढच्या दोन-तीन दशकांत उडायला शिकलेल्या अनेक भारतीयांचं पहिलं सोलो पुष्पकवरचं. स्टार्टर त्यालाही नव्हता, तेव्हा ''कॉन्टॅक्ट''ची आरोळी साठ-सत्तरच्या दशकातही धावपट्टीवर घुमत राहिली. तेजस आणि मारुत या लढाऊ विमानांबद्दल मराठी वाचकाला बरंच सांगितलं गेलं आहे. घाटग्यांचं हे साधं, हलकं विमान मात्र विस्मरणात गेलं. हजारो हातांना उडायला शिकवणारं यंत्र लढाऊ विमानाइतकंच अभिमानाचं मानायला हवं.

इंजिनही नको असणाऱ्यांसाठी पुण्यात हडपसरला १९५० साली ग्लायडिंग सेंटर सुरू झालं. इथे ग्लायडर लांब तारेने विंच नावाच्या यंत्राला जोडतात. विंच तार गुंडाळू लागला की ग्लायडर काही क्षणांतच जमीन सोडतं आणि पतंगासारखं वर चढतं. हजारेक फुटांवर वैमानिक तार सोडतो. त्यापुढे त्याच्या हातात फक्त उंची असते, आणि ती दर सेकंदाला खर्च होत असते. वाढवायची तर तापलेल्या जमिनीवरून उठणारा हवेचा झोत शोधायचा. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी हडपसरच्या आसपास असे झोत मुबलक, आणि ते कुठे आहेत ते घारी दाखवतात. पंख न हलवता गोल फिरत वर चाललेली घार दिसली, की ग्लायडर तिकडे वळवायचं. झोत सापडल्याची पहिली खूण यंत्रापेक्षा पाठीला कळते: बैठक खालून वर ढकलली जाते. मग एक पंख खाली झुकवून त्या झोताच्या आतच फेऱ्या घालायच्या. आता केंद्राच्या चहूबाजूंनी उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि त्या जमिनीवर अनेकांचे डोळे आहेत. कमी पैशांत सामान्य घरातल्या मुलामुलींना आकाश दाखवणारी अशी जागा सहज मिळत नाही. ती टिकायला हवी.

हौस टिकवणारे एकांडे शिलेदार नंतरही निघाले. उद्योगपती विजयपत सिंघानिया १९८८ साली मायक्रोलाइटमधून लंडनहून २३ दिवसांत भारतात आले. २००५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, ते मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून उष्ण हवेच्या फुग्यातून २० किलोमीटरहून अधिक उंची गाठून नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यात उतरले. कांदिवलीचे वैमानिक अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं, ते २०१६च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात वांद्र्याला मांडलं आणि २०१७ साली त्याची नोंदणीही झाली. गच्चीवर विमान बांधावं लागतं यात त्यांच्या जिद्दीची मोठी ओळख आहे. तशा माणसाला एखाद्या छोट्या विमानतळावर शेडचा कोपरा सहज मिळत नाही, ही मात्र व्यवस्थेची त्रुटी.

कारण जागाच आटत गेली. प्रवासी विमानं चाळीसच्या दशकाच्या अखेरीस सांताक्रूझला गेली आणि जुहू क्लबांच्या, छोट्या विमानांच्या वाट्याला उरलं. दोन्ही धावपट्ट्या इतक्या जवळ, की १९७२ साली जपान एअरलाइन्सचं डीसी-८ जेट चुकून जुहूला उतरलं आणि धावपट्टीपुढे निघून गेलं. सांताक्रूझची वर्दळ वाढली तसं शिकाऊ विमानाला जुहूच्या आकाशात घिरट्या घालणं अवघड झालं. अखेर बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण धुळ्याच्या गोंदूर विमानतळावर गेलं.

आणि शिकणाराही बदलला. खासगी वैमानिकाच्या परवान्याला किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. त्यावर स्वतः उडता येतं, मित्रांना नेता येतं, पण पैसे घेता येत नाहीत. व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात. धुळे, बारामती, गोंदिया इथे आज शिकणारी बहुतेक मुलं त्या २०० तासांसाठीच आलेली असतात. घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं, नजर एअरलाइनच्या नोकरीवर असते. त्यात चूक काहीच नाही. मात्र क्लब हा शब्द पाटीवर राहिला आणि क्लबाचं मूळ काम, म्हणजे रविवारी सकाळी डॉक्टरने किंवा दुकानदाराने येऊन तासभर उडून जाणं, जवळजवळ बंद झालं. त्या तासाचा खर्चही मोठा. छोट्या इंजिनांना लागणारं एव्हिएशन गॅसोलिन २०२२पर्यंत परदेशातूनच येत होतं. त्या वर्षी इंडियन ऑइलने ते वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवायला घेतलं.

नव्या हलक्या विमानांनी एक वाट दाखवली आहे. त्यांतली रोटॅक्स इंजिनं मोटारीच्या पेट्रोलवरही चालतात आणि तासाला मोजकंच पेट्रोल पितात. मुंबईच्या आरोही पंडित यांनी २०१९ साली अशाच पिपिस्ट्रेल बनावटीच्या विमानातून स्कॉटलंड, आइसलँड, ग्रीनलँड करत एकट्याने अटलांटिक ओलांडून कॅनडा गाठलं. त्या शिकल्या होत्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये. २०२१ साली त्यांनी भूज ते जुहू हा प्रवास जीपीएस आणि ऑटोपायलटविना केला. अशी विमानं महाराष्ट्रातल्या वर्षभर ओस पडलेल्या धावपट्ट्यांवर सहज उतरू शकतात. त्यासाठी टर्मिनल नको, रोषणाई नको. कुंपण, एक शेड, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी आणि परवानगीचा एक साधा अर्ज, एवढ्यावर लातूरसारख्या ठिकाणी एखादा क्लब उभा राहू शकतो. १९२८ साली जुहूला याहून कितीतरी कमी होतं.