28 मिनिटं

नोव्हेंबर 1988, दिवसाउजेडी

अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातलं कॅन्सस सिटी. शहराच्या दक्षिणेकडे 71 क्रमांकाच्या महामार्गाचं काम चालू आहे. 87व्या रस्त्याजवळ खडक आडवा आलाय आणि तो सुरुंग लावून फोडला जातोय. आपल्याकडे घाटात नाहीतर खडीच्या खाणीवर चालतं तसंच हे काम. ड्रिलनं भोकं पाडायची, त्यात दारू भरायची, भोंगा वाजवायचा, सगळ्यांना लांब न्यायचं, मग उडवायचं.

इथली दारू म्हणजे ॲन्फो. अमोनियम नायट्रेटच्या दाण्यांत डिझेल मुरवलेलं असतं, साधारण 94 भाग दाणे आणि 6 भाग डिझेल. ती स्वस्त असते आणि सहसा आपणहून उडत नाही. काडी लावून किंवा हातोडा मारून तिचा स्फोट होत नाही. त्यासाठी डेटोनेटर लागतो आणि त्याच्या जोडीला बूस्टरचा जोरदार धक्का. म्हणूनच ती हाताळणारी माणसं निर्धास्त असतात, आणि कामाच्या वेळी ते बऱ्याच अंशी बरोबरही असतं.

सुरुंगाच्या कामातली जवळजवळ सगळी शिस्त बार उडण्याच्या वेळेभोवती बांधलेली असते. भोंगा, लाल झेंडी, रस्ता अडवून उभा राहिलेला माणूस, न फुटलेल्या बाराकडे लगेच जायचं नाही हा नियम, भारतातल्या उघड्या खाणींत पाळायचं 500 मीटरचं धोक्याचं वर्तुळ, हे सगळं त्या काही मिनिटांसाठी. ते हवंच, त्यानं असंख्य जीव वाचलेत. पण काम संपतं, माणसं घरी जातात आणि उरलेली दारू रात्रभर तिथेच राहते. तिच्यासाठी भोंगा वाजत नाही. कॅन्सस सिटीत जे घडलं ते या रात्रीच्या वेळेत घडलं.

28 नोव्हेंबरची रात्र

कामाच्या जागेवर दोन ट्रेलर उभे आहेत. ही तिथली दारूकोठारं. एकात नऊ हजार किलोंहून जास्त माल, त्यातला बराचसा ॲल्युमिनियमचे कण मिसळलेला ॲन्फो. ॲल्युमिनियममुळे स्फोटाची उष्णता आणि ताकद वाढते, कठीण खडकासाठी ते मुद्दाम घालतात. दुसऱ्यात याहूनही जास्त माल आहे. दोन्ही मिळून वीस टनांच्या वर.

ट्रेलरवर आत काय आहे ते सांगणारी पाटी नाही. नियमांना तशी पाटी लागत नव्हती. स्फोटकं आहेत असं बाहेर लिहिलं की चोरांना आमंत्रण, असा विचार त्यामागे होता. चोरीची भीती खरी आहे आणि ती मला पटते. पण रस्त्यावरच्या चोराला कळू नये म्हणून अग्निशमन केंद्रालाही कळू नये, हे पटत नाही. पाटी लावायची नसेल तर नकाशा आणि मालाची यादी जवळच्या केंद्रात देऊन ठेवता येते. त्यासाठी एक कागद पुरला असता.

जागेवर पहारा आहे. शहर झोपलेलं आहे.

29 नोव्हेंबर, पहाटे 3.40

नियंत्रण कक्षात फोन येतो. बांधकामाच्या जागी एक पिकअप गाडी पेटली आहे. 41 क्रमांकाचा बंब तीन जवानांना घेऊन निघतो. जाता जाताच त्यांना रेडिओवर सावध केलं जातं, तिथे स्फोटकं असू शकतात.

म्हणजे धोक्याची सूचना मिळाली नव्हती असं नाही. मिळाली होती, पण ती एका शब्दाएवढीच होती. किती स्फोटकं, कुठल्या जातीची, कुठे ठेवलेली, आगीपासून किती लांब, यातलं काहीच त्या शब्दात नव्हतं. 'स्फोटकं असू शकतात' हे ऐकून कोणाच्या डोळ्यांपुढे जिलेटिनच्या दोन-चार कांड्या येतील, कोणाच्या पुढे पेटीभर डेटोनेटर. वीस टन येणार नाहीत.

पावणेचारच्या सुमारास

बंब पोचतो. आग एक नाही. पिकअप पेटली आहेच, शिवाय जागेवर दुसरीकडेही जाळ दिसतोय. 41ची तुकडी मदत मागते आणि 30 क्रमांकाचा बंब निघतो, त्यावरही तिघे. त्यांनाही स्फोटकांबद्दल सांगितलं जातं. विभागाचा बटालियन चीफही घटनास्थळाकडे निघतो.

चारच्या आसपास

ही मिनिटं घाईनं ओलांडून जायची नाहीत. दोन्ही तुकड्या पेटलेल्या ट्रेलरपाशी आहेत. रेडिओवरच्या बोलण्यावरून दिसतं की जे फुटायचं होतं ते फुटून गेलं, असा त्यांचा समज झाला होता.

हा समज का चुकला, याचं उत्तर ट्रेलरमधल्या मालात आहे. उघड्यावर थोडासा ॲन्फो पेटला तर तो नुसता जळू शकतो, आणि म्हणूनच तो फसवतो. पण टनावारी माल बंद पेटीत तापला की अमोनियम नायट्रेट वितळतं, विघटित होऊ लागतं, त्यातून वायू निघतात आणि त्यांना बाहेर पडायला वाट नसते. दाब चढतो, दाबाबरोबर तापमान चढतं आणि विघटनाचा वेग आणखी वाढतो. शिवाय नायट्रेट स्वतःच प्राणवायू पुरवतं, त्यामुळे बाहेरची हवा तोडून ही आग गुदमरत नाही. कुठल्या क्षणी जळणं थांबून स्फोट होईल, हे बाहेर उभ्या असलेल्या कोणालाच ओळखता येत नाही. अनुभवी माणसालाही नाही.

हे तेव्हा जगाला नवीन नव्हतं. 16 एप्रिल 1947ला टेक्सस सिटीच्या बंदरात 'ग्रँडकॅम्प' या जहाजातलं अमोनियम नायट्रेट सकाळी धुमसू लागलं. स्वयंसेवक अग्निशामक विझवायला गेले, लोक धूर बघायला धक्क्यावर जमले, आणि 9.12ला जहाज फुटलं. किमान 581 माणसं गेली. विझवायला गेलेले अग्निशामकही त्यात होते.

स्फोटकांच्या साठ्यापर्यंत आग पोचली असेल तर ती विझवायची नसते. माणसं काढायची, रस्ते बंद करायचे आणि दूर जायचं. वाहतुकीतल्या अपघातांसाठी अग्निशामक वापरतात ती आजची मार्गदर्शिका असा माल पेटल्यास सगळ्या दिशांना 1600 मीटर मोकळे करायला सांगते. जवानाचं सगळं शिक्षण त्याला आगीच्या दिशेनं नेतं. इथे मात्र वाचवायला एकही माणूस आत अडकलेला नव्हता. जळत होता तो खडक फोडायचा माल, आणि तो जळू दिला असता तर फक्त पैसा गेला असता.

4.08

पहिला ट्रेलर फुटतो. सहाही जवान जागीच ठार होतात. बंबांचा चुराडा होतो. बटालियन चीफची गाडी तेव्हा सुमारे पाव मैलावर, म्हणजे 400 मीटरवर आहे. तिची पुढची काच आत येते. मैलोगणती दूरच्या घरांच्या खिडक्या फुटतात.

पहिल्या फोनला 28 मिनिटं झाली आहेत.

4.08 ते 4.48

यानंतरच्या चाळीस मिनिटांबद्दल फारसं लिहिलं जात नाही, पण माझ्या मते या रात्रीतला सगळ्यात अवघड निर्णय त्यांत घेतला गेला. आपले सहा सहकारी रेडिओवर उत्तर देत नाहीत. मागून येणाऱ्या प्रत्येक तुकडीला आत धावायचं आहे. कदाचित कोणी जखमी असेल, जिवंत असेल. आणि चीफ सगळ्यांना मागे घेतो. कोणीही आत जायचं नाही.

हा हुकूम देणाऱ्याच्या मनाची काय अवस्था झाली असेल, आणि तो पाळणाऱ्यांची काय, याचा विचार केला की अजून घसा दाटतो.

4.48

दुसरा ट्रेलर फुटतो. या स्फोटात एकही माणूस दगावत नाही, कारण तिथे कोणीच नाही.

उजाडल्यावर

जमिनीत दोन प्रचंड खड्डे. जागा निर्धोक असल्याची खात्री होईपर्यंत शोध सुरू करता येत नाही. पुढे या आगी मुद्दाम लावल्याचा निष्कर्ष निघाला. 1997मध्ये फेडरल न्यायालयात पाच जण दोषी ठरले. आपण निर्दोष असल्याचं ते सांगत राहिले आणि त्या खटल्यावरचा वाद शमलेला नाही. पण काडी कोणी लावली याचं उत्तर काहीही असो, ट्रेलरमध्ये काय आहे हे बंबावरच्या माणसांना न कळण्याचं कारण त्या काडीत नव्हतं. शहरानं नंतर घातक पदार्थांच्या दुर्घटना हाताळणारं स्वतंत्र पथक उभारलं.

12 सप्टेंबर 2015, सकाळी साडेआठच्या सुमारास

आता आपल्याकडे. मध्य प्रदेशातल्या झाबुआ जिल्ह्यातलं पेटलावद. वर्दळीच्या भागात, उपाहारगृहाच्या शेजारच्या इमारतीत जिलेटिनच्या कांड्या आणि डेटोनेटर ठेवलेले. विहिरी खोदायला आणि खडक फोडायला वापरतात तो माल. आधी धूर दिसतो. काय जळतंय ते बघायला लोक जमतात. मग स्फोट होतो आणि सत्तरहून अधिक माणसं मरतात.

आपल्या कायद्यानुसार असा साठा परवान्याच्या दारूकोठारातच, वस्तीपासून ठरलेल्या अंतरावर ठेवायचा असतो आणि डेटोनेटर स्फोटकांपासून वेगळे ठेवायचे असतात. परवाने देणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचं, म्हणजे 'पेसो'चं मुख्यालय तर आपल्या नागपुरातच आहे. पण परवान्याच्या कागदावरून बंबावरच्या जवानाला पहाटे पावणेचारला काही कळत नाही. ज्या गावाजवळ खाण आहे, बोगदा आहे, महामार्गासाठी डोंगर फोडला जातोय, तिथल्या ग्रामपंचायतीनं ठेकेदाराकडे तीन गोष्टी लेखी मागाव्यात: रात्रीचा माल कुठे असतो, जास्तीत जास्त किती असतो, आणि तिथे आग लागली तर कोणी किती लांब जायचं. याची एक प्रत जवळच्या अग्निशमन केंद्रात फोनशेजारी लावलेली असावी, आणि पाड्यावरच्या शाळेतल्या पोरांनाही माहीत असावं की खाणीकडून रात्री-अपरात्री धूर दिसला तर बघायला जायचं नाही, उलट्या दिशेनं निघायचं.