परभाषेचा पडदा आणि आपण

परक्या भाषेतील चित्रपट आणि मालिका पाहण्याचे वेड ही मोबाइलची देणगी आहे, अशी आपल्या धर्मग्रामांतील वडीलधाऱ्यांची ठाम समजूत झालेली दिसते. नात कोरियन मालिकेत गुंग, नातू स्पॅनिश मालिकेपुढून हलत नाही, आणि सायंकाळची रोझरी अर्ध्याच घराने म्हणायची, ही तक्रार आमच्या कानी नेहमी येते. रोझरीपुरती ती तक्रार रास्त आहे. तीविषयी आम्ही वाद घालणार नाही. परंतु या वेडाचा इतिहास मोबाइलहून कितीतरी जुना आहे, आणि भारतीय चित्रपटापुरते बोलायचे तर त्याच्या मुळाशी प्रत्यक्ष प्रभू येशूचे चरित्र उभे आहे. ही गोष्ट आपल्या कुटुंबांत फारशी सांगितली जात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची फ्रान्सहून आलेली हलती चित्रे प्रथम दाखविण्यात आली. तिकीट एक रुपया, म्हणजे त्या काळी मजुराच्या आवाक्याबाहेरचे. या नवलाने भारून गेलेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे मराठी गृहस्थ होते. लोक त्यांना सावे दादा म्हणत. त्यांनी लंडनहून कॅमेरा मागविला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमधील एक कुस्ती चित्रित केली. मुक्या चित्राला भाषा नसते. त्यामुळे परके होते ते चेहरे, पेहराव आणि विषय. मराठी प्रेक्षकाने ते परकेपण पाहिले आणि लगेच आपली तालीम, आपले पैलवान त्या यंत्रापुढे उभे केले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

याहून मोठी गोष्ट १९१०-११ च्या सुमारास घडली. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले असता त्यांनी ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा चित्रपट पाहिला. पुढे १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात त्यांनी या अनुभवाचे वर्णन केले आहे. ख्रिस्तचरित्रातील थोर प्रसंगांना ते टाळ्या देत होते, आणि त्याच क्षणी त्यांच्या मनश्चक्षूंपुढे श्रीकृष्ण, श्रीराम, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. ते पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा तो चित्रपट पाहावयास गेले. नंतरची हकिकत प्रसिद्धच आहे. आयुर्विम्याची पॉलिसी गहाण पडली. १९१२ साली लंडनची वारी झाली. विल्यमसन कॅमेरा आला. आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्म धुण्याचे काम शिकून घेतले आणि चमूचा स्वयंपाकही सांभाळला. या माउलीचे नाव चित्रपटाच्या इतिहासात अधिक ठळक छापले जावयास हवे होते, असे आम्हांस वाटते. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या २००९ च्या चित्रपटात हा सारा संसार मोठ्या प्रसन्नपणे आला आहे. तो आपल्या कुटुंबांनी मुलांसह अवश्य पाहावा.

ख्रिस्ताचे चरित्र पाहून फाळके ख्रिस्ती झाले नाहीत. ते आपल्या दैवतांकडे वळले. एखादा जुन्या वळणाचा मिशनरी यावर बी खडकाळ जमिनीवर पडले असे म्हणून खिन्न झाला असता. आमचे मत निराळे आहे. प्रभूच्या चरित्राने एका सज्जन हिंदू गृहस्थाचे हृदय हलविले, त्याने आदराने टाळ्या दिल्या आणि त्यातून एका देशाची कला जन्मास आली. हे पीक थोडेथोडके नव्हे. आम्हांस खंत वाटते ती निराळ्याच गोष्टीची. परक्यांनी रंगविलेला ख्रिस्त पाहून फाळक्यांनी विचारले, माझे देव या पडद्यावर केव्हा येतील? तोच ख्रिस्त पाहणाऱ्या आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी आपल्यापुरता प्रश्न विचारावयास हवा होता: हा ख्रिस्त मराठीत केव्हा बोलेल?

शब्दांच्या प्रांतात हे काम फार पूर्वीच झाले होते. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यास आले आणि १६१६ साली त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि त्या मराठीत. परदेशी माणसाने परभाषेतील कथा आपल्या ओवीत बसविली. त्या तोडीचे काम मराठी पडद्यावर आपल्या हातून झालेले नाही. आपल्या वाट्याला आला तो तेलुगू ‘करुणामयुडू’ (१९७८), हिंदीत ‘दयासागर’ या नावाने डब केलेला. आणि १९९२ च्या डिसेंबरात दूरदर्शनवर सुरू झालेली ‘बाइबल की कहानियाँ’, तीही केरळच्या नवोदय अप्पच्चन यांची. दोन्हींचे ऋण मान्य करूनही म्हणावे लागते की उसन्या पिठाच्या भाकरीवर आपण तृप्त राहिलो.

यात ख्रिस्तसभेच्या सावधपणाचाही वाटा असेल. पोप अकरावे पायस यांनी २९ जून १९३६ रोजी चित्रपटांविषयी ‘विजिलांती कुरा’ हे विश्वपत्र काढले. चांगल्या चित्रपटाचा सुपरिणाम किती खोल होतो हे त्यात स्पष्ट म्हटले आहे, पण घराघरांत पोहोचली ती अश्लील चित्रपट न पाहण्याची प्रतिज्ञा. मौज अशी की त्याच वर्षी प्रभातचा ‘संत तुकाराम’ प्रदर्शित झाला आणि १९३७ साली इटलीतील व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. म्हणजे इटलीतील कॅथलिक प्रेक्षक देहूच्या वाण्याची कथा पाहत होते, आणि त्यांच्या लेखी परभाषा होती ती आपली मराठी! विष्णुपंत पागनीसांच्या मुद्रेवरील भक्ती समजण्यास त्यांना अभंगाचा अर्थ माहीत असण्याची गरज भासली नसावी.

पुढे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली ‘इंतेर मिरिफिका’ हा हुकूमनामा काढून या माध्यमांचे मोकळ्या मनाने स्वागत केले. त्याआधीच, जानेवारी १९५२ मध्ये, मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला होता. ‘बायसिकल थीव्ह्‌ज’ आणि ‘रोम, ओपन सिटी’ हे इटालियन चित्रपट तेव्हा येथे दिसले. चोरीस गेलेली सायकल शोधणारा बाप आणि त्याचा लहानगा मुलगा पाहून आपल्या दिग्दर्शकांनी काय घेतले, हे १९५३ च्या ‘दो बिघा जमीन’मध्ये दिसते. चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने पंचेचाळीस निवडक चित्रपटांची यादी जाहीर केली, तीत हे दोन्ही इटालियन चित्रपट आहेत. ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील एक अगदी आरंभीचा फ्रेंच मूकपटही तीत आहे. यादीत पोलिश, रशियन, जपानी, स्वीडिश चित्रपट आहेत. त्यांतील काहींचे दिग्दर्शक देव न मानणारे होते, तरी व्हॅटिकनने त्यांना वगळले नाही.

त्याच यादीतील ‘बाबेट्स फीस्ट’ (१९८७) हा डॅनिश चित्रपट आम्हांस विशेष जवळचा वाटतो. राजापूर तालुक्यातील नाटे येथे, यशवंतगड आणि जैतापूरच्या खाडीजवळ बसून तो पाहताना परका प्रदेश परका राहत नाही. समुद्रकाठची गरीब वस्ती, मासळीवर चालणारे जीवन, करडे आकाश. साखरी नाटे बंदरावरील माणसाला याची वेगळी ओळख करून द्यावी लागणार नाही. दोन अविवाहित भगिनी, त्यांच्या दिवंगत पित्याचा कडक प्रॉटेस्टंट पंथ, आणि पॅरिसच्या दंगलीतून जीव वाचवून आलेली फ्रेंच कॅथलिक स्वयंपाकीण बाबेट. चौदा वर्षांनी तिला दहा हजार फ्रँकची लॉटरी लागते आणि ती सारी रक्कम बारा माणसांच्या एका जेवणावर खर्च करते. जेवणाविषयी एक शब्दही काढायचा नाही, असा भाविकांनी आपसांत ठराव केलेला असतो. पण एकेक पदार्थ येत जातो तसे जुने वैरी एकमेकांकडे पाहून हसू लागतात, लपविलेली पापे कबूल होतात, क्षमा होते. बारा पाने आणि एक अन्नदात्री: मिस्साबलिदानावर इतके बोलके प्रवचन आम्ही क्वचितच ऐकले आहे, दिले तर नाहीच. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबाविषयीच्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या प्रबोधनपत्रात याच चित्रपटाचा नावानिशी उल्लेख केला आहे.

असे चित्रपट डब केलेले पाहू नयेत, असा आमचा आग्रह आहे. बाबेट मूळची फ्रेंच, तिच्या भोवतालचे डॅनिश. सर्वांच्या तोंडी एकच हिंदी घातली की तिचे परदेशीपण संपते आणि अर्धी कथाही संपते. पडद्याच्या तळाशी उमटणारी अक्षरे वाचण्याचा कंटाळा चार दिवसांत जातो.

आता कोरियन मालिकांकडे वळू. २०२० च्या टाळेबंदीत त्या आपल्याकडे घरोघर पोहोचल्या. श्रीमंत वारसदार आणि गरीब मुलगी हा त्यांचा ठरीव साचा आम्हांस कंटाळवाणा वाटतो. ‘स्क्विड गेम’ (२०२१) मुलांना दाखवू नये. रक्तपातासाठी तर नकोच, पण त्यातील प्रार्थना करणारा स्पर्धक हे ख्रिस्ती माणसाचे सवंग व्यंगचित्र आहे म्हणूनही. उलट ‘द फायरी प्रीस्ट’ (२०१९) या मालिकेचा नायक कॅथलिक धर्मगुरू आहे. तो गुन्हेगारांना लाथाबुक्क्यांनी वठणीवर आणतो. सेमिनरीत आम्हांस हा विषय शिकविला गेला नव्हता. तरीही पडद्यावरील आशियाई धर्मगुरू इतक्या सहजपणे आपल्याच देशाचा वाटावा, याचा हेवा वाटतो.

त्या सहजपणास इतिहास आहे. कोरियातील ख्रिस्तसभा मिशनऱ्यांनी स्थापिली नाही. चीनमधून आलेली चिनी भाषेतील धर्मपुस्तके तेथील विद्वानांनी आपणहून वाचली, त्यांच्यापैकी यी सुंग-हुन यांनी १७८४ साली पेकिंग येथे बाप्तिस्मा घेतला आणि मायदेशी परतून इतरांना दिला. पहिले कोरियन धर्मगुरू अँड्र्यू किम १८४६ साली हुतात्मा झाले. १९८४ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी सेऊल येथे १०३ कोरियन हुतात्म्यांना संतपद दिले. परक्या लिपीतील पुस्तक वाचून एक ख्रिस्तसभा उभी राहिली, जसा परक्यांचा चित्रपट पाहून आपला चित्रपट.

२०२७ साली जागतिक युवक दिन सेऊल येथेच भरावयाचा आहे. कोरियन लोकही आपल्यासारखेच वडील माणसाला नुसत्या नावाने हाक मारीत नाहीत. दादाला, ताईला, मावशीला तेथे वेगवेगळे शब्द आहेत. आपल्या धर्मग्रामांतील एखादी मुलगी त्या मेळाव्यास गेलीच, तर यजमान घरच्या बाईंना काय म्हणून हाक मारावी हे तिला कोणी शिकवावे लागणार नाही.