सराउंड साउंड : खोली, बैठक आणि स्पीकरची मांडणी

सराउंड साउंड म्हणजे श्रोत्याच्या समोरून, बाजूंनी आणि मागून येणारा ध्वनी स्वतंत्र स्पीकरांतून ऐकवण्याची रचना. ‘५.१’ या संज्ञेतील पाच हे कानाच्या पातळीवरील स्पीकर आणि एक हा खर्जासाठीचा सबवूफर. ‘५.१.२’ मध्ये वरून ध्वनी देणाऱ्या आणखी दोन स्पीकरांची भर पडते. यंत्रे कितीही महाग असली, तरी त्यांच्यातून काय ऐकू येईल हे मोठ्या प्रमाणात त्यांच्या जागेवर अवलंबून असते. ही जागा बव्हंशी घराची बांधणी ठरवते. जुनी कौलारू घरे आणि नव्या सदनिका शेजारी शेजारी नांदत असलेले हुबळी-धारवाड हे जोडशहर या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. तिथली परिस्थिती गोव्यातील वाचकांनाही परकी वाटू नये.

मैफलीचे तत्त्व

सुमारे २० किलोमीटर अंतरावरील ही दोन शहरे १९६२ मध्ये एकाच महानगरपालिकेत आणली गेली. धारवाड मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) यांचे, तर हुबळी गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांची. मन्सूर यांचे जयपूर-अत्रौली घराणे हेच गोमंतकीय केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांचेही घराणे. खासगी बैठकीत गायक मध्यभागी असतो. त्याच्या उजव्या हाताला बहुधा तबला, डाव्या हाताला पेटी आणि मागे तानपुरे असतात. श्रोत्याला सूर थेट समोरून येतो. भिंतींवरून आणि पाठीमागून येते ती केवळ खोलीची आस. सराउंडची मांडणी याच अनुभवावर उभी आहे. संवाद आणि मुख्य ध्वनी समोरच्या तीन स्पीकरांचे, तर परिसराची जाणीव बाजूच्या दोन स्पीकरांची. जुन्या गायनाच्या ध्वनिमुद्रणांत एक किंवा दोनच ध्वनिवाहिन्या असतात. ती ऐकताना मागचे स्पीकर बंद ठेवणे इष्ट.

कोन आणि अंतरे

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार मधला स्पीकर श्रोत्याच्या नेमका समोर, डावा-उजवा प्रत्येकी ३० अंशांवर आणि सराउंड स्पीकर १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या रेषेच्या किंचित मागे असावेत. १२ फूट रुंद आणि १५ फूट लांब खोलीत पडदा अरुंद भिंतीवर घेतल्यास बैठक त्या भिंतीपासून साधारण सव्वानऊ फुटांवर येते. समोरचे स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे ठेवले, तर डाव्या-उजव्यात नऊ फुटांचे अंतर राहते. सराउंड स्पीकर बाजूच्या भिंतींवर, बैठकीच्या सुमारे दोन फूट मागे येतात.

या मांडणीत समोरचा डावा किंवा उजवा स्पीकर श्रोत्यापासून नऊ फुटांवर, तर सराउंड सुमारे साडेसहा फुटांवर असतो. ध्वनीला एक फूट अंतर कापायला जवळजवळ ०.९ मिलिसेकंद लागतात. म्हणून जवळच्या स्पीकरचा ध्वनी दोन-सव्वादोन मिलिसेकंद उशिरा सोडावा लागतो. रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचे अंतर टेपने मोजून भरले की हे काम तो करतो. सर्व स्पीकरांची पातळीही बैठकीच्या जागी सारखी करून घ्यावी.

समोरच्या स्पीकरांची उंची बसलेल्या माणसाच्या कानाइतकी असावी. सराउंड थोडे वर असले तरी चालतात. सराउंड स्पीकर दूरचित्रवाणीच्याच भिंतीवर लावणे किंवा पाचही स्पीकर छताच्या कोपऱ्यांत टांगणे, या दोन नेहमीच्या चुकांमुळे संवाद पुसट होतात. मग प्रत्येक संवादाला आवाज वाढवावा लागतो आणि त्याचा त्रास घरातील वृद्धांना आणि शेजाऱ्यांना होतो.

खर्जाचे गणित

१५ फूट लांबीच्या खोलीत सुमारे ३८ हर्ट्झचा, तर १२ फूट रुंदीत सुमारे ४७ हर्ट्झचा स्वर भिंतींमध्ये अडकून घुमतो. चौरस खोलीत हे दोन्ही स्वर एकाच जागी येतात आणि घुमणे दुणावते. मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर खर्ज अवाजवी वाटतो, तर खोलीच्या ऐन मध्यावर तो जवळजवळ नाहीसा होतो. सबवूफरची जागा शोधण्याची सोपी रीत अशी : तो तात्पुरता बैठकीच्या जागी ठेवावा, खर्जाचे संगीत लावून भिंतीकडेने फिरावे आणि खर्ज जिथे सर्वांत समतोल ऐकू येईल, तिथे सबवूफर कायमचा ठेवावा.

कौले, स्लॅब आणि जमखाना

छताकडे ध्वनी फेकून तो खाली परावर्तित करणाऱ्या स्पीकरांना सपाट, कठीण आणि साधारण साडेसात ते बारा फूट उंचीचे छत लागते. धारवाडमधील माळमड्डीसारख्या जुन्या वस्तीतील किंवा गोव्यातील कौलारू घरात उतरत्या छपरामुळे हा ध्वनी भलतीकडे जातो. तिथे स्पीकर तुळईवर बसवून बैठकीकडे वळवणे, अथवा साध्या ५.१ वर समाधान मानणे योग्य.

स्लॅबच्या सदनिकेत अडचण वेगळी असते. उघड्या भिंती आणि शहाबादी किंवा टाइल्सची जमीन यांमुळे ध्वनी कर्कश होतो. समोरच्या स्पीकरांच्या आणि बैठकीच्या मध्ये जमिनीवर धारवाड जिल्ह्यातील नवलगुंदचा प्रसिद्ध जमखाना किंवा जाड गालिचा अंथरला आणि खिडक्यांना भारी पडदे लावले, तर वरच्या स्वरांचा कर्कशपणा कमी होतो. जमखाना सुती आणि पातळ असल्याने खर्ज मात्र त्याने आवरत नाही; त्यासाठी बैठकीची आणि सबवूफरची जागाच बदलावी लागते.

नव्या बांधकामात हे सारे गिलाव्यापूर्वी ठरवणे हितावह. सराउंड स्पीकरपर्यंतची तार भिंतीतील नळीतून नेण्याचा खर्च तेव्हा किरकोळ असतो. नंतर त्याच कामासाठी भिंत फोडावी लागते. त्यामुळे आधी बैठक, मग पडद्याची भिंत, मग स्पीकरच्या जागा आणि शेवटी यंत्रांची खरेदी असा क्रम ठेवल्यास मर्यादित खर्चातही स्पष्ट संवाद आणि समतोल ध्वनी मिळू शकतो.